निवृत्त रायफलींची साक्ष

नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीने बंदुकीची गोळी दोनदा फार जवळून पाहिली आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात निघालेल्या मिरवणुकीवर ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि वयाच्या सोळाव्या वर्षात असलेला शिरीषकुमार मेहता हातातील तिरंग्यासह धारातीर्थी पडला. त्याच्यासमवेत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनीही प्राणार्पण केले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे संत गुलाम महाराजांच्या अनुयायी वनवासी बांधवांवर सशस्त्र दलाने गोळ्या झाडल्या. पंधरा जण तेथे कामी आले. व्यसनमुक्तीचा आणि परस्परांना ‘आप’ असे आदराने संबोधण्याचा संस्कार देणाऱ्या चळवळीचे ते साधे, निष्पाप लोक होते. रावलापाणीच्या खडकांवर त्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात.

खडकाने आपली साक्ष जपली. माणिक चौकातील स्मारकाने हुतात्म्यांची नावे जपली. परंतु ज्या शस्त्रांनी हे घडवले, त्यांचे काय झाले? ती कोणत्या बनावटीची होती, कोणत्या कारखान्यात घडली, स्वातंत्र्यानंतर ती कोणाच्या खांद्यावर गेली आणि शेवटी कोणत्या भट्टीत वितळली, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे प्रथाच नाही. शस्त्र जुने झाले की ते भंगार, एवढीच आपली व्याख्या. शस्त्रपूजनाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला ही उदासीनता शोभणारी नाही.

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण आहे. पोलीस दलांतील ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे .३०३ रायफलींची पिढी संपत आली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. तिच्यामागून आलेली ‘एसएलआर’, म्हणजे आपोआप भरली जाणारी अर्धस्वयंचलित रायफल, लष्कराने केव्हाच मागे ठेवली आणि तेथून ती पोलीस व निमलष्करी दलांकडे आली. आता तिचेही दिवस भरत आले आहेत. जे शस्त्र दोन पिढ्यांच्या सैनिकांनी आणि शिपायांनी वागवले, ते शस्त्रागारातून बाहेर पडताना त्याची ओळख कोण पटवणार आणि त्याचे मोल कोण ठरवणार, याचा निर्णय आताच व्हावयास हवा. एकदा पोलाद वितळले की कोणताही अभिलेखपाल ते परत आणू शकत नाही.

मुकुटापासून सिंहमुद्रेपर्यंत

जुन्या लष्करी रायफलीची ओळख पटवणे ही जादू नव्हे. ते वाचन आहे, आणि वाचावयाचा मजकूर त्या शस्त्रावरच कोरलेला असतो. .३०३ ली-एनफील्ड घ्यावी. बोल्टच्या मुठीखाली, जेथे लाकडी दस्ता पोलादाला मिळतो, तेथे एक पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूस चार-पाच ओळी उमटवलेल्या असतात. सर्वांत वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, मग वर्ष आणि शेवटी नमुन्याचे चिन्ह. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ब्रिटिश अमदानीत तयार झालेल्या रायफलीवर ‘जीआरआय’ ही अक्षरे आढळतात. राजा जॉर्ज, हिंदुस्थानचा सम्राट, असा त्यांचा अर्थ. इंग्लंडमध्ये घडलेल्या रायफलीवर ‘आय’ हे अखेरचे अक्षर नसते. एका अक्षरावरून रायफल इंग्लंडची की हिंदुस्थानची, हे कळते.

स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात, याच नमुन्याची रायफल तयार होत राहिली. बदलली ती मुद्रा. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले आणि कारखान्याच्या पूर्ण नावाऐवजी ‘आरएफआय’ ही अक्षरे उमटू लागली. एका राष्ट्राचे सत्तांतर तळहाताएवढ्या पोलादावर वाचता येते, असे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

सिंहमुद्रेची रायफल हाती आली तरी १९६२ साली आपले जवान ज्या शस्त्रानिशी हिमालयावर उभे होते, त्याचे तंत्र मात्र मुकुटाच्याच काळातले होते. .३०३ चा नमुना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावा, रिकामे काडतूस बाहेर पडू द्यावे, बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवावे आणि मगच पुन्हा चाप ओढावा. दहा गोळ्यांनंतर मॅगझिन पुन्हा भरावे. समोरच्या चिनी सैनिकाकडे मात्र सोव्हिएत धर्तीची अर्धस्वयंचलित रायफल होती. गोळीतून निघणाऱ्या वायूच्या दाबानेच तिची यंत्रणा मागे सरकते, रिकामे काडतूस फेकले जाते आणि नवे काडतूस आपोआप चढते. नेमबाजाला केवळ चाप ओढावा लागतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँच्या सुमारे १२० वीरांनी याच बोल्टच्या रायफलींनिशी चिनी लाटा थोपवल्या. त्यांच्या शौर्याला तोड नाही. परंतु शौर्याच्या जोरावर शस्त्राची उणीव भरून काढण्याची वेळ जवानावर यावी, हे कोणत्याही राज्यकर्त्याला भूषणावह नव्हते.

त्या धड्यातून देशाच्या पायदळाच्या हाती ७.६२ मिलिमीटर व्यासाची एसएलआर आली. बेल्जियमच्या प्रसिद्ध ‘एफएएल’ रायफलीच्या घराण्यातील हे भारतीय अपत्य इशापूरलाच घडले. वीस गोळ्यांचे मॅगझिन, साडेचार किलोंच्या आसपास वजन, लांबी सुमारे ११४ सेंटीमीटर आणि एका चापात एकच गोळी, ही तिची लक्षणे. ज्यांना ती ओळखावयाची आहे, त्यांनी दस्त्याचे टोक पाहावे. भारतीय एसएलआरच्या लाकडी दस्त्यावरची पितळी-पोलादी टोपी जुन्या .३०३ वरचीच आहे. तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवण्यासाठी त्या टोपीत झडप असते. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन भगिनींमध्ये ही खूण नाही. जुन्यातले उपयुक्त ते ठेवून नवे घडवण्याची ही खास भारतीय रीत. १९७१ च्या युद्धात हीच रायफल भारतीय पायदळाची ओळख होती. १९९० च्या दशकात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेली ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ आली आणि एसएलआर मागे पडली. मात्र कालचक्र असे की, २०१९ मध्ये भारतीय सैन्यासाठी ज्या ७२,४०० नव्या अमेरिकी रायफलींची मागणी नोंदवली गेली, त्या पुन्हा ७.६२ च्याच, म्हणजे एसएलआरच्याच काडतुसाच्या होत्या.

या वंशावळीतील आणखी एक शस्त्र विसरता येणार नाही. परकीय सत्तेचा आपल्याच पोलिसांवर विश्वास नव्हता, याचा तो लोखंडी पुरावा आहे. .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून, एका वेळी एकच काडतूस घेणारी .४१० मस्केट पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी तयार करण्यात येई. बाहेरून पाहणाऱ्यास ती रायफलच वाटे. तिचा पल्ला तोकडा आणि काडतूस वेगळे. उद्या ही शस्त्रे बंडखोरांच्या हाती पडलीच, तर लष्कराच्या काडतुसांचा त्यांना उपयोग होऊ नये, हा त्यामागील हिशेब. १८५८ च्या ११ एप्रिलला सातपुड्यातील अंबापाणी येथे खाजा नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्ल योद्ध्यांनी कंपनीच्या फौजेला दिलेली झुंज ज्यांनी पाहिली, त्या राज्यकर्त्यांनी पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सारा देश निःशस्त्र केला आणि आपल्या चाकरीतल्या शिपायाच्या हातीही अर्धेच शस्त्र दिले.

ओळख पटवण्याचे शास्त्र नळीपाशी थांबत नाही. काडतुसाच्या बुडावरही अक्षरे असतात. .३०३ च्या भारतीय काडतुसावर पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे आणि वर्षाचे आकडे उमटवलेले असत. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ७.६२ च्या काडतुसाला ती नसते. म्हणजे एखाद्या गोळीबाराच्या जागी सापडलेली एक रिकामी पुंगळी शस्त्राची जात, काडतुसाचा कारखाना आणि वर्ष, तिन्ही सांगू शकते. रावलापाणीच्या परिसरात अशी एखादी पुंगळी वा शिशाचा तुकडा कोणाच्या घरी जपला गेला असेल, तर तो इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे. रायफल इशापूरची, काडतूस खडकीचे, दोन्ही घडवणारे हात भारतीय कामगाराचे आणि त्यांच्यापुढे उभी असलेली छातीही भारतीयाचीच, हे गुलामीचे विदारक रूप भाषणांतून जितके कळणार नाही, तितके पितळेच्या त्या तुकड्यावरून कळेल.

भाव कोणाचा, कोठला?

आता मोलाचा प्रश्न. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींचा मोठा बाजार आहे. तेथील शासनाने आपल्या ‘गॅरंड’ या अर्धस्वयंचलित रायफली नेमबाजीच्या प्रसारासाठी नागरिकांना रीतसर विकल्या. भारतातून विकल्या गेलेल्या इशापूरच्या .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफलीही त्या बाजारात पोहोचल्या. एकेकाळी भंगारापेक्षा थोड्याच अधिक किमतीला गेलेल्या त्या रायफलींचा तेथील संग्राहक आज बारकाईने अभ्यास करतात. बोल्टवरचा, नळीवरचा आणि मुख्य भागावरचा क्रमांक एकच आहे का, लाकूड मूळचे आहे की बदललेले, कारखान्यात दुरुस्ती झाल्याची खूण कोणत्या वर्षाची, नळीच्या आतील पेच शाबूत आहेत की झिजलेले, यावर तेथे भाव ठरतो. घासूनपुसून चकचकीत केलेल्या रायफलीचा भाव वाढत नाही, उतरतो. कारण त्या घासण्यात काळाची खूण नाहीशी झालेली असते. आपल्या अशोकमुद्रेचा अर्थ परदेशी छंदिष्टाला ठाऊक आणि आपल्या मुलांना मात्र ती कोठे असते हेही माहीत नाही, ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे.

भारतात असा बाजार नाही आणि तो नसावा, हेच योग्य आहे. येथील कायदा स्पष्ट आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस झाडू शकणारी रायफल, मग ती बोल्टची असो वा अर्धस्वयंचलित, आणि .४१० ची मस्केटसुद्धा, शस्त्र नियमांच्या परिशिष्टात प्रतिबंधित वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही, तो विषय केंद्र शासनाचा आहे. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षे आणि कमाल चौदा वर्षे अशी कठोर करण्यात आली आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात एका नामवंत चित्रपट अभिनेत्यालाही विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली, हे उदाहरण सर्वांपुढे आहे.

‘शस्त्र जुने आहे, गंजलेले आहे, आजोबांच्या काळातले आहे’ हा बचाव अनेकांना पुरेसा वाटतो. तो पुरेसा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते खरी. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखे नसावे, ही अट आहे. ‘दुरुस्ती करूनही नाही’ या तीन शब्दांत सारे मर्म आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पहिल्या महायुद्धातील .३०३ ने शंभरी ओलांडलीही आहे. पण पुरावस्तू ठरली म्हणून ती शस्त्र राहत नाही, असे मात्र होत नाही. एखादा कारागीर जिला पुन्हा चालती करू शकेल, ती रायफल शंभर वर्षांची असली तरी कायद्याच्या लेखी जिवंत आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष समजून सांगावयास हवी. काठीसारख्या जुन्या संस्थानांचा, ठासणीच्या आणि तोड्याच्या बंदुकांचा, पिकांच्या राखणीसाठी बाळगलेल्या शस्त्रांचा वारसा या भागाला आहे. सैन्यातून आणि पोलीस दलातून निवृत्त झालेल्यांची घरे आहेत. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर कापडात गुंडाळलेली नळी निघाली, तर घरच्यांपुढे तीनच वाटा दिसतात. लपवावी, विकावी किंवा विहिरीत टाकावी. तिन्ही वाटा चुकीच्या आणि पहिल्या दोन तर थेट कारागृहाकडे नेणाऱ्या आहेत. चौथी वाट कायद्यानेच दाखवली आहे. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमानुसार बाळगण्याचा अधिकार संपलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. या वाटेने जाणाऱ्या नागरिकाकडे संशयाने न पाहता सन्मानाने पाहिले जाईल, याची हमी प्रशासनाने जाहीरपणे दिली पाहिजे. शस्त्र काढून घेण्याचे काम दंडुक्याने जेवढे होते, त्याहून अधिक विश्वासाने होते.

मोजदाद हीच सुरक्षा

बाजारभाव नसलेल्या वस्तूची नोंद ठेवण्यात कोणाला रस नसतो, आणि नेमक्या याच बेपर्वाईतून काळा बाजार उभा राहतो. २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेर जिल्ह्यात वीसहून अधिक एके-४७ रायफली हाती लागल्या. त्यांतील काही चक्क विहिरीतून काढण्यात आल्या. तपासाचा धागा जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत पोहोचला. जुनी, नादुरुस्त, मोडीत काढावयाची म्हणून बाजूला ठेवलेली शस्त्रे आणि त्यांचे भाग भांडारातून बाहेर नेऊन, जोडून विकले जात होते, असे पोलिसांनी सांगितले. शासनाच्या दप्तरी ज्या शस्त्राचे मोल भंगाराइतके, त्याच शस्त्राला गुन्हेगार लाखो रुपये मोजत होते. एखाद्या वस्तूचे मोल ओळखण्यात राज्यकर्ता कमी पडला की ते काम देशविघातक शक्ती करतात.

नंदुरबारपासून हा धोका दूर नाही. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात असलेले उमर्टी हे गाव गावठी कट्ट्यांच्या बेकायदा निर्मितीसाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदीत आहे आणि तेथून निघालेली शस्त्रे खानदेशच्या वाटेने पुढे सरकताना वारंवार पकडली गेली आहेत. जेथे शस्त्र घडवण्याचे कसब आहे, तेथे मोडीतल्या रायफलीचा एखादा बोल्ट वा नळीसुद्धा कच्चा माल ठरतो. म्हणून निवृत्त रायफलीची प्रत्येक खूण नोंदवणे हा केवळ इतिहासप्रेमींचा हट्ट नाही, ती अंतर्गत सुरक्षेची गरज आहे. कारखाना, वर्ष, क्रमांक, दुरुस्तीच्या खुणा, सुट्या भागांवरचे क्रमांक आणि छायाचित्र, एवढी नोंद प्रत्येक शस्त्राची झाली, तर भट्टीपर्यंत किती गेले आणि वाटेत किती गळाले, याचा हिशेब आपोआप लागेल. इतिहासाची वही आणि सुरक्षेची वही येथे एकच आहे.

करावयाचे काय?

आपल्याकडे निवृत्त युद्धसाहित्याच्या जपणुकीची दोन उदाहरणे आहेत, एक अभिमानाचे आणि एक खेदाचे. अहिल्यानगर येथे, तेव्हाच्या अहमदनगरला, १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. तेथील पोलादी धुडांभोवती फिरताना शाळकरी मुलाला युद्ध म्हणजे काय, याची जी जाणीव होते, ती पुस्तकातून होत नाही. दुसरे उदाहरण ‘विक्रांत’चे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवणारी ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरते संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेर २०१४ मध्ये भंगारवाल्याच्या हाती गेली. तिच्या पोलादापासून पुढे मोटारसायकली निघाल्या, मुंबईत स्मृतिशिल्पही उभारले गेले. पण नौका गेली ती गेलीच. एवढ्या प्रचंड नौकेची देखभाल अवघड होती, असे म्हणता येईल. चार-साडेचार किलोंच्या रायफलीबाबत ही सबब चालणार नाही.

अपेक्षा माफक आहेत. पहिली, राज्यातील पोलीस शस्त्रागारांतून बाद होणाऱ्या प्रत्येक .३०३, .४१० आणि एसएलआरची वर सांगितल्याप्रमाणे नोंद झाल्याखेरीज तिची विल्हेवाट लावू नये. दुसरी, प्रत्येक नमुन्याची एकेक रायफल, तिची नळी आणि यंत्रणा कायमची निकामी करून, जिल्ह्याच्या ठिकाणी जपली जावी. मुकुटाची एक, सिंहमुद्रेची एक, मस्केट एक आणि एसएलआर एक, अशा चार वस्तूंतून शंभर वर्षांचा इतिहास सांगता येईल. शस्त्र निकामी करण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, तिचा उपयोग करावयाचा एवढेच. तिसरी, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या कामात राज्यात अग्रेसर ठरावा. माणिक चौक आणि रावलापाणी ही दोन तीर्थस्थाने ज्या जिल्ह्यात आहेत, त्याचा हा मान आहे आणि जबाबदारीही.

चौथी अपेक्षा समाजाकडून आहे. रावलापाणीच्या खडकांवरील खुणांची शास्त्रशुद्ध मोजणी आणि छायाचित्रण होणे आवश्यक आहे. ऊन, पाऊस आणि माणसाचा हलगर्जीपणा दगडालाही सोडत नाही. तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास व भौतिकशास्त्र विभाग हे काम हाती घेऊ शकतात. त्या दिवसाच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्या घरांतील वृद्धांच्या मुखातून त्या नोंदवून घेता येतील. दगडाची खूण, काडतुसाची पुंगळी आणि आजीची आठवण एकत्र आली, तर रावलापाणी हे नाव महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्या जागी असावयास हवे, त्या जागी ते पोहोचण्यास वेळ लागणार नाही.

यावर आक्षेप येतील. संग्रहालयात बंदुका मांडणे म्हणजे हिंसेचे उदात्तीकरण, असे काही विद्वान म्हणतील. त्यांना नम्रपणे विचारावे लागेल की, ज्या बंदुकीने शिरीषकुमारचा बळी घेतला तिच्या जातीची बंदूक मुलांना दाखवणे हे उदात्तीकरण कसे? उलट ती पाहिल्यावर शाळेतल्या मुलाच्या धैर्याची उंची कळते. दुसरा आक्षेप खर्चाचा असेल. निकामी केलेल्या चार रायफली, एक काचेची पेटी आणि कुलूप यांना लागणारा खर्च एखाद्या स्वागत कमानीइतकाही नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जी रायफल १९४२ मध्ये आपल्यावर रोखली गेली आणि जी रायफल स्वतंत्र भारताच्या शिपायाने वागवली, त्या दोघींना एका पेटीत कसे ठेवावे? उत्तर रायफलीवरच कोरलेले आहे. नमुना एक, कारखाना एक. फरक केवळ मुद्रेचा. शस्त्राला स्वतःचा धर्म नसतो, ते ज्याच्या आज्ञेने उचलले जाते त्याचा धर्म त्याला प्राप्त होतो. मुकुटाच्या आज्ञेने जे शस्त्र मिरवणुकीवर चालले, त्याच घराण्यातील शस्त्राने रेझांग ला येथे सीमेचे रक्षण केले. हा भेद मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवणे, यासारखे स्वराज्याचे दुसरे शिक्षण नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर आपल्या शिपायांच्या हाती .३०३ होती, हेही याच इतिहासाचे एक पान आहे. रेझांग ला येथे जी उणीव जवानांनी प्राण देऊन भरून काढली, तीच सेहेचाळीस वर्षांनी पोलीस शिपायांच्या वाट्याला आली. जुन्या शस्त्राचा अभ्यास करणारा समाज हे साम्य वेळीच ओळखतो आणि शिपायाच्या हाती योग्य शस्त्र वेळेत द्या, असे राज्यकर्त्यांना ठणकावून सांगू शकतो. जो समाज जुने शस्त्र न पाहताच भट्टीत टाकतो, त्याला तोच धडा पुन्हा रक्ताची किंमत देऊन शिकावा लागतो.

विजयादशमीला गावोगावच्या पोलीस ठाण्यांत शस्त्रपूजन होते. हळद-कुंकू लावून, फुले वाहून शस्त्रांना नमस्कार केला जातो. त्या दिवशी ठाण्यातील एखाद्या जुन्या रायफलीच्या पट्ट्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून ती वहीत उतरवली, तर त्या पूजेला खरा अर्थ येईल. नंदुरबारने हा पायंडा येत्या विजयादशमीला पाडावा.